वाळवंट म्हणजे फक्त उंट आणि सूर्यास्त? या दोघींचे फोटो वेगळंच सांगतात

इन्स्टाग्रामवर जैसलमेर शोधलं की काय दिसतं? केशरी आकाश, उंटांची रांग आणि वाळूवर पाठमोरी उभी असलेली एखादी व्यक्ती. मुंबई शोधलं की मरीन ड्राइव्ह, पाऊस आणि सी-लिंक. फोटो छानच असतात. पण असे शंभर फोटो पाहिले, तरी तिथे राहतं कोण हे कळत नाही.

दोन भारतीय फोटोग्राफर्सनी शहराचं आणि वाळवंटाचं सौंदर्य वेगळ्या पद्धतीनं शोधलं. सूनी तारापोरवाला यांनी मुंबईत आणि गौरी गिल यांनी पश्चिम राजस्थानात. दोघींचं हे काम मुख्यतः ब्लॅक अँड व्हाइट आहे. म्हणजे केशरी सूर्यास्ताची मदत नाहीच!

उसन्या पैशांचा कॅमेरा

'सलाम बॉम्बे' (१९८८) या सिनेमाच्या पटकथाकार म्हणून सूनी तारापोरवाला अनेकांना माहीत आहेत. पण सिनेमाच्या आधी त्यांच्या हातात कॅमेरा आला. अमेरिकेत हार्वर्डमध्ये शिकताना रूममेटकडून पैसे उसने घेऊन त्यांनी तो विकत घेतला होता.

त्या कॅमेऱ्यानं त्यांनी घरातली माणसं टिपली, पारशी समाज टिपला, रस्त्यावरची मुलं टिपली. 'होम इन द सिटी' या त्यांच्या प्रदर्शनात १९७६ पासूनची सुमारे ४० वर्षांची मुंबई होती. या काळात शहराचं नाव बदललं, गिरण्या बंद पडल्या, टॉवर उभे राहिले. फोटो काढला तेव्हा जे दृश्य रोजचं वाटत होतं, तेच आज शहराची आठवण झालं आहे.

वाळवंटात आधी दिसली शाळा

गौरी गिल दिल्लीत फोटोजर्नलिस्ट होत्या. १९९९ मध्ये राजस्थानातल्या एका गावात त्यांनी शिक्षकाला एका मुलीला मारताना पाहिलं. खेड्यातल्या शाळांवर फोटोस्टोरी करावी असं त्यांना वाटलं, पण मासिकाला त्यात रस नव्हता. मग त्यांनी स्वतःच हे काम सुरू केलं. त्याचं नाव 'नोट्स फ्रॉम द डेझर्ट'.

थर हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. गिल वर्षानुवर्षं तिथे जात राहिल्या. दुष्काळ, पूर, आजारपण, बाळंतपण, मैत्री असं सगळं त्यांच्या फोटोंत आलं.

२००३ मध्ये बिकानेर जिल्ह्यातल्या लूणकरणसरला मुलींचा मेळा भरला. तिथे गिल यांनी फोटोचा तंबू लावला. कसं उभं राहायचं, सोबत कोणाला घ्यायचं, हातात काय धरायचं, हे मुलींनी ठरवलं. त्या मुली कॅमेऱ्याकडे थेट बघतात. त्यांचा फोटो कुणी चोरून घेतलेला नाही, तो त्यांनी काढून घेतला आहे. या फोटोंचं सौंदर्य तिथेच आहे. २०२३ मध्ये 'नोट्स फ्रॉम द डेझर्ट'ला 'प्री पिक्ते' हा फोटोग्राफीतला मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मोबाइलवर हे जमेल का?

जमेल. आधी थोडं तंत्र. कॅमेरा दृश्याचा सरासरी उजेड मोजतो. चकाकणारी वाळू असली की तो फोटो गरजेपेक्षा गडद करू शकतो. अशा वेळी स्क्रीनवर बोट ठेवून ब्राइटनेस थोडा वाढवा. अंधाऱ्या गल्लीत नेमकं उलट होतं, तिथे तो थोडा कमी करा. वाळूवरच्या लाटा सकाळी किंवा संध्याकाळी उठून दिसतात, कारण तिरप्या उन्हात प्रत्येक लाटेची सावली पडते. भर दुपारी त्याच टेकड्या सपाट वाटतात.

बाकीचं काम तंत्राचं नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा जा. ओळख करून घ्या. फोटो काढण्याआधी विचारा, आणि काढलेला फोटो त्या माणसाला दाखवा.

त्यासाठी जैसलमेरचं तिकीट काढायलाच हवं असं नाही. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, सकाळी ७ वाजता स्टेशनबाहेर फुलं विकणाऱ्या मावशी, सोसायटीचा जुना जिना, यांचा आज काढलेला साधा फोटो ४० वर्षांनी कुणाला तरी हवा असेल. तोवर कदाचित तो जिना उरलेला नसेल.