गुडघ्याला बाशिंग बांधलेलं शहर

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



जमीन संपादनाच्या नोटिसा कशा वाचायच्या, यावर आपण मागे बोललो होतो. त्यानंतर बाजारात एका गटाच्या ताई भेटल्या. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, जागा घेताना सांगतात एक आणि बांधतात दुसरंच. हे आपल्याकडेच होतं, का अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही?" मी म्हटलं, होतं की. आज त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या एका शहराची हकीगत सांगते. गोष्ट एका खेळाची आहे, पण खेळ येत नसला तरी काही अडणार नाही.

शहराचं नाव सेंट पीटर्सबर्ग. रशियातलं नव्हे, अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातलं. समुद्रकाठचं, उबदार हवेचं, म्हातारपणी निवांत राहायला लोक जातात तसलं. खाडीच्या पलीकडे टॅम्पा नावाचं दुसरं शहर. थंडीत उत्तरेकडचे बेसबॉल संघ सरावासाठी इकडे यायचे. १९१४ पासूनची ही रीत. संघ महिना-दीड महिना राहायचे, सराव करायचे आणि खरा मोसम सुरू झाला की आपापल्या गावी निघून जायचे. शहराला वाटायचं, एखादा संघ कायमचा आपला असावा.

आता संघ आपला असणं म्हणजे काय, हे समजून घ्यावं लागेल. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ समजा. चेंडू आहे, दांडकं आहे, धावा आहेत. त्यातली सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे मेजर लीग. आज तिच्यात ३० संघ आहेत, १९८० च्या दशकात २६ होते. आपल्याकडे एखाद्या शहराने छान मैदान बांधलं म्हणून त्याला आयपीएलचा संघ मिळत नाही, तो देणारे दुसरेच असतात. तसंच तिथे. नवा संघ द्यायचा का, जुना संघ गाव बदलू शकतो का, हे बाकीच्या संघांचे मालक मिळून ठरवतात. धंद्यात मक्तेदारी होऊ नये म्हणून अमेरिकेत कडक कायदा आहे, पण १९२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो बेसबॉलला लागू होत नाही असं म्हटलं, आणि ती सवलत मोठ्या प्रमाणात टिकून राहिली. म्हणजे संघ मोजके आणि मागणारी शहरं जास्त. ज्याच्याकडे माल थोडा, त्याचा भाव वर. आठवडी बाजार करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

सेंट पीटर्सबर्गने ठरवलं, संघ मिळेल तेव्हा मिळेल, आपण आधी मैदान बांधू. साधं मैदान नाही, वर छत असलेलं प्रचंड स्टेडियम. १९८६ मध्ये काम सुरू झालं, १९९० मध्ये ते उघडलं. खर्च सुमारे १३ कोटी डॉलर. हा पैसा काही कुणा शेठजीने दिला नाही. सार्वजनिक रोखे काढले, म्हणजे शहराने लोकांकडून कर्ज उचललं, आणि ते फेडायचं करातून. बचत गटाने कर्ज काढून पक्का गोठा बांधावा, गव्हाण करावी, पाण्याची सोय करावी, आणि म्हैस कोण विकणार हे मात्र ठाऊक नसावं, तसा हा प्रकार. गुडघ्याला बाशिंग बांधून बसणं म्हणतात ते हेच.

पण ताईंनी विचारलं होतं ते जागेबद्दल. स्टेडियम उभं राहिलं ती जागा मोकळी नव्हती.

तिथे गॅस प्लँट नावाची वस्ती होती. गॅस साठवायच्या दोन मोठ्या टाक्या तिथे होत्या, त्यावरून ते नाव. राहणारे जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. त्या काळी काळ्या माणसाने शहरात कुठे राहायचं, कुठल्या बाकावर बसायचं, हे गोऱ्यांनी ठरवून दिलेलं असे. सरावाला येणाऱ्या संघातल्या काळ्या खेळाडूंनासुद्धा संघाच्या हॉटेलात खोली मिळत नसे. मग शहरातली काळी कुटुंबं त्यांना आपल्या घरी उतरवून घेत. डॉक्टर राल्फ विंबिश आणि त्यांच्या पत्नी बेट्टी विंबिश यांच्या घरी एल्स्टन हॉवर्डसारखा नामांकित खेळाडू राहिला होता. १९६१ मध्ये डॉक्टरांनी जाहीर सांगून टाकलं की यापुढे मी काळ्या खेळाडूंसाठी वेगळ्या खोल्या शोधून देणार नाही, संघांनीच त्यांना हॉटेलात बरोबरीने ठेवावं. या बेट्टीबाई पुढे १९६९ मध्ये त्या शहराच्या परिषदेवर निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य झाल्या. सांगायचं म्हणजे, ज्या खेळासाठी पुढे ती वस्ती उठली, त्या खेळाला या समाजाने आपल्या घरात जागा दिली होती.

१९७० च्या दशकाच्या शेवटी शहराने गॅस प्लँट वस्ती जुनाट झाली, तिचा पुनर्विकास करायचा असं ठरवलं. लोकांना सांगितलं ते असं: परवडणारी नवी घरं होतील, कारखान्यांसाठी जागा होईल, रोजगार मिळेल. या बोलीवर काही जणांनी मान डोलावली. का डोलावू नये? घरं खरोखरच जुनी झाली होती. मग घरं गेली, दुकानं गेली. पाचशेहून जास्त कुटुंबं उठली, नऊ चर्च हलले, तीसच्या वर छोटे धंदे बंद झाले किंवा दुसरीकडे गेले. आणि कारखान्यांची योजना बारगळली तेव्हा त्याच जागेवर स्टेडियम करायचं ठरलं. कागद एका कामासाठी तयार झाला आणि वापरला गेला दुसऱ्या कामासाठी. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं.

आता म्हशीविना गोठ्याकडे येऊ. रिकाम्या स्टेडियमचा पहिला फायदा कुणाला झाला असेल? शिकागो शहरातल्या व्हाइट सॉक्स संघाच्या मालकांना. त्यांचं मैदान १९१० सालचं, फार जुनं. नवं हवं होतं, तेही सरकारी पैशाने. सेंट पीटर्सबर्गमध्ये बांधकाम सुरू होतंच. मालक म्हणाले, देत असाल तर द्या, नाहीतर आम्ही निघालो फ्लोरिडाला. फ्लोरिडातले लोक इतके खूश झाले की संघाच्या नव्या नावाचे टी-शर्टसुद्धा छापून झाले. ३० जून १९८८ ला शिकागोच्या राज्याच्या विधिमंडळात ठराव यायचा होता, मुदत मध्यरात्रीपर्यंत. वेळ संपत आली तरी मतं जुळेनात. राज्यपाल जेम्स थॉम्प्सन स्वतः सभागृहात फिरून आमदारांना गळ घालत होते. शेवटी ठराव मंजूर झाला तेव्हा बारा वाजून गेले होते, पण कागदोपत्री वेळ बाराच्या आतली लागली. शिकागोला नवं स्टेडियम मिळालं, १९९१ मध्ये जुन्याच्या शेजारीच उघडलं. संघ कुठेही गेला नाही.

बाजारात आपण काय करतो? "पलीकडचा वीसला देतोय" म्हणतो आणि याच्याकडूनच वीसला घेतो. पलीकडच्याला बिचाऱ्याला पत्ताही नसतो. सेंट पीटर्सबर्ग हे पलीकडचं दुकान झालं होतं, आणि ते दुकान चालवण्यासाठी त्याने स्वतः कर्ज काढलं होतं.

पुढेही तेच होत राहिलं. १९९१ मध्ये दोन नवे संघ द्यायचे ठरले, ते डेन्व्हर आणि मायामीला गेले. मायामी फ्लोरिडातलंच, म्हणजे जखमेवर मीठ. १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स संघाच्या मालकाने साडेअकरा कोटी डॉलरला संघ टॅम्पा-सेंट पीटर्सबर्गच्या गटाला विकायचं कबूल केलं. या वेळी सुपारी फुटली असंच सगळ्यांना वाटलं. पण बाकीच्या मालकांनी मत देऊन तो व्यवहार फेटाळला आणि संघ दहा कोटीला, म्हणजे कमी किमतीत, सॅन फ्रान्सिस्कोतल्याच लोकांना गेला.

या सॅन फ्रान्सिस्कोकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. जायंट्सचे मालक संघ विकायला का निघाले होते? सार्वजनिक पैशाने स्टेडियम हवं होतं म्हणून. आणि १९८७ ते १९९२ या काळात तिथल्या आणि आसपासच्या शहरांतल्या मतदारांसमोर हा प्रश्न चार वेळा गेला. चारही वेळा लोकांनी 'नाही' म्हणून शिक्का मारला. कुणीतरी नक्कीच म्हणालं असेल की तुमच्या हट्टापायी संघ जाईल. गेला नाही. नव्या मालकांनी १९९६ मध्ये वेगळी योजना आणली: स्टेडियमचा बहुतेक खर्च आम्ही खाजगी पैशातून करू, शहराने जागा भाड्याने द्यावी. ती मतदारांनी मान्य केली आणि २००० साली समुद्रकाठी ते मैदान उघडलं. मला हा भाग फार आवडतो. लोकांना चार-चार वेळा विचारलं गेलं, आणि चारदा नकार दिल्यावर सौदा बदलला.

सेंट पीटर्सबर्गला अखेर संघ मिळाला. ९ मार्च १९९५ ला घोषणा झाली आणि १९९८ मध्ये पहिला सामना. म्हणजे स्टेडियम उघडल्यावर आठ वर्षांनी. मधल्या काळात तिथे बर्फावरची हॉकी झाली, गाण्याचे कार्यक्रम झाले. नव्या संघाच्या मालकांना लीगमध्ये शिरण्यासाठी १३ कोटी डॉलर मोजावे लागले. संघाचं नाव डेव्हिल रेज. आपल्या कोकणातल्या बायका पाकट म्हणतात, त्या जातीच्या माशावरून. पहिलाच सामना हरले. पण २००८ मध्ये हाच संघ अंतिम फेरीपर्यंत गेला, हेही सांगायला हवं, नाहीतर तिथल्या लोकांवर अन्याय होईल. त्यांनी या संघावर जीव लावला आहे.

मात्र बघायला येणारे कमीच राहिले. शहर द्वीपकल्पाच्या टोकाला, खाडीपलीकडच्यांना लांब पूल ओलांडून यावं लागतं, आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी एवढी उठाठेव कोण करणार?

रोजगाराचं काय? संघाचे घरच्या मैदानावर वर्षाला ८१ सामने होतात. तिकीट फाडणं, खाण्याचे पदार्थ विकणं, झाडलोट, गाड्या लावून घेणं, अशी कामं तेवढ्या दिवसांपुरती. याचा अभ्यास करणारे बहुतेक अर्थतज्ज्ञ सांगतात की स्टेडियममुळे शहराचं उत्पन्न फारसं वाढत नाही. कारण साधं आहे. घरच्या माणसाच्या खिशात मजेसाठी शंभर रुपये असतील, तर ते तो सामन्याला खर्च करेल किंवा सिनेमाला. शंभराचे दोनशे होत नाहीत.

जिथे घरं होती तिथे गाड्या उभ्या करायचं डांबरी मैदान झालं. २०२१ मध्ये जमिनीखालचं टिपणारं यंत्र फिरवलं, तेव्हा त्या डांबराखाली जुन्या कबरी असाव्यात अशा खुणा मिळाल्या.

त्याच वर्षी केन वेल्च शहराचे महापौर म्हणून निवडून आले, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांच्या आजोबांची गॅस प्लँट वस्तीत लाकडाची वखार होती. त्यांनी मोठा करार जुळवून आणला: १३० कोटी डॉलरचं नवं स्टेडियम, त्यातले ६० कोटी शहर आणि जिल्ह्याचे, आणि त्याबरोबर उरलेल्या जागेवर परवडणारी घरं, रोजगार, काळ्या समाजाच्या इतिहासाचं संग्रहालय. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा शब्द आता पुरा होईल असं म्हटलं गेलं. जुलै २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. मला एकच खटकतं: घरांचा शब्द पुन्हा स्टेडियमच्या शेपटीला बांधला होता.

९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मिल्टन नावाचं चक्रीवादळ आलं आणि स्टेडियमच्या छताच्या चिंधड्या झाल्या. मार्च २०२५ मध्ये संघाच्या मालकांनी कळवलं की आम्ही नव्या स्टेडियमच्या करारातून बाहेर पडतो. तो मोसम संघ खाडीपलीकडे, टॅम्पातल्या दुसऱ्या संघाच्या सरावाच्या मैदानावर खेळला. मग मालकांनी संघच विकून टाकला.

छत दुरुस्त करून द्यायची जबाबदारी करारानुसार शहराची होती. नगरपरिषदेने त्यासाठी पैसे मंजूर केले. उरलेल्या जागेचं काय करायचं, हा प्रश्न पुन्हा शहरापुढे आला आहे, आणि गॅस प्लँटमधून लहानपणी आईचं बोट धरून निघालेली मुलं आता पन्नाशीच्या आसपास आहेत.