भिंतीवरचा माड ओळखू आला पाहिजे

ताईंनो, अंगणवाडीची किंवा शाळेची भिंत रंगवायचं काम गटाकडे आलं की त्यात झाड हमखास असतं. बरेचदा ते मोबाईलवरचं चित्र बघून काढलं जातं. तपकिरी खोड आणि वर हिरवा ढग. हे झाड नेमकं कुठलं, ते कुणालाच सांगता येत नाही. आपल्या कोकणातली पोरं माड आणि पोफळ लांबून ओळखतात. त्यांना भिंतीवरचं झाडही ओळखू आलं, तरच पुढच्या शाळेचं काम आपल्याकडे येणार.

आधी परसात जा आणि झाड नीट बघा. माडाचं खोड करडं असतं. झावळ गळाली की तिची खूण खोडावर राहते, त्याच या आडव्या वळ्या. खोड गोल आहे, म्हणून वळी सरळ रेघेसारखी नको, जरा कमानीसारखी काढा. अंतरही कमीजास्त ठेवा. पोफळ सडपातळ आणि सरळसोट असते. तिच्या वळ्या पांढरट, ठळक दिसतात आणि झावळ्यांच्या खालचा भाग हिरवा, गुळगुळीत असतो. आंब्याची साल काळपट, भेगाळलेली. फणसाची फळं खोडाला आणि जाड फांद्यांना धरतात. बारीक फांदीच्या टोकाला फणस लटकवला तर पोरं हसतील!

साल कशी काढायची? खोडाला आधी मध्यम करडा रंग द्या आणि सुकू द्या. ऊन कुठल्या बाजूने येतंय ते ठरवा. त्या बाजूला फिकट रंग, दुसऱ्या बाजूला गडद. मग ब्रश रंगात बुडवून फडक्याला पुसून घ्या. जवळपास कोरडा झाला की खोडावरून हलक्या हाताने ओढा, साल खरखरीत दिसू लागते. काथ्याचा बोळा रंगात टेकवून उठवला तरी चालतं. काथ्या तर आपल्या घरचाच.

पानं कशी काढायची? डब्यातला हिरवा रंग तसाच लावू नका. त्यात पिवळा घातला की कोवळं पान होतं, थोडा तपकिरी घातला की निबर आणि गडद निळा घातला की सावलीतलं. मागची गडद पानं आधी, मग मधली, उन्हातली फिकट शेवटी. मध्ये मध्ये आभाळ दिसू द्या, नाहीतर पुन्हा ढगच होईल. आंब्याच्या एखाद्या फांदीला तांबूस पालवी द्या, झाड लगेच आंब्याचं दिसेल. झावळीचा मधला दांडा कमानीसारखा आधी काढा आणि दोन्ही बाजूंनी पाती ओढा. मधल्या नव्या झावळ्या उभ्या, जुन्या खाली लोंबणाऱ्या. एखादी वाळकीही असू द्या.

भिंत बघूनच काम घ्या. ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही, पोपडे निघतात आणि नाव गटाचं जातं. पावसाळा संपून भिंत सुकली की जुना रंग खरवडा, प्रायमर मारा, तो वाळला की चित्र सुरू करा.

आणि हिशोब. "ताई, एक झाड तर काढायचंय, त्याचे काय पैसे?" असं कुणीतरी म्हणणारच. अशा वेळी गप्प बसू नका. रंग, ब्रश आणि प्रायमरचा खर्च, किती जणी किती दिवस राबणार त्याची मजुरी, येण्याजाण्याचं भाडं आणि गटाचा हिस्सा, असं सगळं कागदावर मांडा. भिंत फुटात मोजा आणि दर आधीच लिहून द्या. शेतात गेलो असतो तर त्या दिवसाची मजुरी मिळालीच असती ना? मग भिंतीवरचा दिवस फुकट कसा?

या महिन्यात प्रत्येकीने आपल्या दारातलं एक झाड जुन्या पुठ्ठ्यावर काढून बघा आणि बैठकीला घेऊन या. झाडाचं नाव लिहू नका. बाकीच्या जणींनी ते ओळखलं, तर तुमचा हात भिंतीसाठी तयार झाला म्हणून समजा.