२५ मिलिमीटर म्हणजे नेमकं किती?

सोनिवलीत राहणाऱ्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला बदलापूर आणि अंबरनाथ या दोन्ही एमआयडीसी जवळ. शिवाय अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहेच. तरीही ‘डिझाइन इंजिनिअर काय करतो?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘थ्री-डी मॉडेल काढतो’ एवढंच सांगतात. मॉडेल काढणं हा कामाचा सोपा भाग. अवघड भाग म्हणजे मापात किती चूक चालेल हे ठरवणं. यालाच टॉलरन्स म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये २५ मिमीचा स्टीलचा शाफ्ट फिरवायचा आहे. आपण ड्रॉइंगवर एच७/जी६ फिट दिला. म्हणजे भोक २५.००० ते २५.०२१ मिमी आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ मिमी. दोघांमधली फट कमीत कमी ७ मायक्रॉन, जास्तीत जास्त ४१. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.)

पण ही मापं कुठल्या तापमानाची? आंतरराष्ट्रीय मानकानुसार २० अंश सेल्सिअसची. आता हेच यंत्र हिवाळ्यात लडाखला गेलं आणि तापमान उणे १० झालं, तर? एक मीटर स्टील दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन आकसतं, ॲल्युमिनियम साधारण २३. त्यामुळे ३० अंशांच्या फरकाने २५ मिमीचा शाफ्ट ८.६ मायक्रॉन आकसेल आणि भोक १७.३. म्हणजे फट जवळपास ८.६ मायक्रॉनने घटली. आपल्याकडे कमीत कमी होते फक्त ७! शाफ्ट अडकणार.

गंमत म्हणजे सगळे शाफ्ट अडकणार नाहीत. ज्या जोडीत भोक सगळ्यात लहान आणि शाफ्ट सगळ्यात जाड, तीच अडकेल. इथल्या तपासणीत मात्र ती बिनचूक पास झालेली असेल, कारण प्रत्येक माप ड्रॉइंगप्रमाणेच आहे. दोष मशीनवरच्या कामगाराचा नाही, ड्रॉइंगचा आहे.

मग उपाय? एच७/एफ७ फिट दिला तर फट २० ते ६२ मायक्रॉन होते. थंडीत शाफ्ट फिरेल, पण एरवी जास्त हलेल. टॉलरन्स आणखी घट्ट केला तर नाकारलेले पार्ट्स वाढतील आणि खर्चही. हाउसिंग स्टीलचं केलं तर वजन वाढेल. यातलं काय सोसायचं हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते काम डिझाइन इंजिनिअरचं.

रिसर्चला येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. लॅबमध्ये आलेला आकडा अनिश्चितता आणि परिस्थिती यांच्याशिवाय अर्धवट असतो. आपला निष्कर्ष कुठल्या मर्यादेपर्यंत टिकतो, हा प्रश्न गाइडने विचारायच्या आधी स्वतःला विचारा.

आता एक गणित तुमच्यासाठी: हाच एच७/जी६ फिट ठेवून हाउसिंग पितळेचं केलं तर उणे १० अंशांना शाफ्ट फिरेल का? पितळेसाठी दर मीटर दर अंश १९ मायक्रॉन धरा आणि करून बघा.