शस्त्रक्रियेनंतरचा डोळा

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात थोडी खुपखुप राहते; ती दिवसागणिक ओसरते. परंतु आलेली दृष्टी पुन्हा अंधुक होऊ लागली, ठणका वाढला, पापणी सुजली, तर आत जंतू शिरल्याचा संभव असतो. बुबुळामागील काचेसारख्या पारदर्शक गरात रक्तवाहिन्या नाहीत. म्हणून पोटातले औषध किंवा थेंब तेथवर पुरेसे पोचत नाहीत. प्रतिजैविक सुईने थेट त्या गरातच सोडावे लागते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना केवळ उजेड कळत होता, त्यांना गढूळ गर तत्काळ काढून टाकल्याने अधिक लाभ झाला. डोळ्यांपुढे हललेला हात ज्यांना दिसत होता, त्यांना सुईचाच उपाय पुरला. तेव्हा 'उद्या पाहू' असे म्हणू नये. त्याच दिवशी नेत्रवैद्याला गाठावे.