मैदानावरचा मान आणि दिल्लीचा सन्मान

राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांची आणि पद्म सन्मानांची नावे जाहीर झाली की गोमंतकात दरवर्षी एक प्रश्न हटकून विचारला जातो: आमच्या फुटबॉलपटूंचे काय? ज्या भूमीत शेते कापून झाली की त्याच मळ्यांत चेंडू उसळू लागतो, त्या भूमीला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तथापि केवळ रुष्ट होऊन त्याचे उत्तर मिळत नाही. कोणाला सन्मान मिळतो व कोण वंचित राहतो, याची कारणे एकदा शांतपणे तपासली पाहिजेत.

उदाहरण आपल्याच घरचे घेऊ. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर हे भारताचे एक श्रेष्ठ गोलरक्षक. साळगावकर संघाचा तर ते आधारस्तंभच होते. गोव्याने १९८३ साली बंगालसमवेत संयुक्तपणे संतोष करंडक जिंकला. पुढच्याच वर्षी मद्रासला तो निर्विवादपणे आपलासा केला, तेव्हा संपूर्ण स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. १९८३ ते १९८६ या काळात भारतीय संघाचे नेतृत्व ब्रह्मानंदांकडे होते. मात्र अर्जुन पुरस्कार त्यांना १९९७ साली मिळाला आणि पद्मश्री २०२२ साली! म्हणजे कर्णधारपद सोडल्यावर पहिल्या सन्मानासाठी अकरा वर्षे आणि दुसऱ्यासाठी त्यापुढे आणखी पंचवीस वर्षे त्यांना थांबावे लागले. तरीही त्यांना भाग्यवानच म्हटले पाहिजे, कारण ते सन्मान स्वीकारायला ते स्वतः उभे होते.

नेव्हिल डिसोझा यांच्या वाट्याला तेवढेही भाग्य आले नाही. मूळ गोमंतकीय कुटुंबातील हा मुंबईचा खेळाडू. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमविले, त्यांतील तीन गोल नेव्हिलचे होते. ऑलिंपिकमध्ये गोलांची हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. त्या विजयामुळे भारत उपांत्य फेरीत गेला आणि तिथवर पोहोचणारा पहिला आशियाई संघ ठरला. त्या ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक चार गोल करणाऱ्यांत नेव्हिलचे नाव आहे. १९८० साली, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्याचे निधन झाले. ना अर्जुन, ना पद्मश्री!

असे का व्हावे? पहिले कारण नियमांचे आहे. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला आणि तो मुख्यतः लगतच्या चार वर्षांतील कामगिरी पाहून दिला जातो. नेव्हिलचा पराक्रम त्याच्या आधीचा. त्याच मेलबर्नच्या संघातील पी. के. बॅनर्जी यांना अर्जुनचा पहिलाच मान मिळाला, कारण १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते भारताचे कर्णधार होते. त्यांची निवड सर्वथा योग्यच होती. परंतु नियमाच्या चौकटीबाहेर राहिलेल्या पराक्रमाची दखल घेण्याची तरतूद तेव्हा नव्हती आणि पुढेही कोणी ती आग्रहाने मागितली नाही.

दुसरे कारण पदकांचे आहे आणि तेच सर्वांत प्रबळ आहे. खेळाडूंचे गुण मोजताना ऑलिंपिक, जागतिक स्पर्धा, आशियाई व राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा यांतील पदकांना मोठे वजन असते. राष्ट्रकुल स्पर्धांत फुटबॉल खेळलाच जात नाही. आशियाई स्पर्धेतील आपले शेवटचे सुवर्णपदक १९६२ चे, शेवटचे कांस्यपदक १९७० चे. ऑलिंपिकचे दार तर १९६० नंतर आपल्याला उघडलेलेच नाही. मल्ल, नेमबाज किंवा मुष्टियोद्धा एकट्याच्या बळावर पदक आणू शकतो. फुटबॉलपटूला मात्र दहा जणांची साथ व साऱ्या व्यवस्थेचे पाठबळ लागते. संघाच्या दुबळेपणाची शिक्षा गुणी खेळाडूला भोगावी लागते, ती अशी.

तिसरे कारण, गोल दिसतो आणि वाचवलेला गोल विसरला जातो. २००८ साली दिल्लीत एएफसी चॅलेंज करंडकाच्या अंतिम सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि भारत १९८४ नंतर प्रथमच आशियाई करंडक स्पर्धेस पात्र झाला. छेत्रीला २०११ साली अर्जुन, २०१९ साली पद्मश्री व २०२१ साली खेलरत्न मिळाले. खेलरत्न मिळविणारा तो पहिला फुटबॉलपटू. त्याची योग्यता निर्विवाद आहे. तापीकाठच्या कामरेजसारख्या, फुटबॉलची फारशी परंपरा नसलेल्या गावातील शाळकरी पोरही आज त्याचे नाव सांगेल. पण त्याच पिढीत भारतीय संघाची मधली फळी सांभाळणारा क्लायमॅक्स लॉरेन्स आणि बचावाची भिंत असलेला महेश गवळी या गोव्याच्या खेळाडूंची नावे अर्जुनच्या यादीत सापडत नाहीत. सुब्रत पाल, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन या गोलरक्षक-बचावपटूंना अलीकडे हा पुरस्कार मिळाला, ही समाधानाची गोष्ट. पण ती जाग उशिरा आली.

चौथे कारण सांगताना संकोच वाटतो, परंतु ते सांगितलेच पाहिजे. बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि तुळसीदास बलराम ही १९६२ च्या जकार्ता विजेत्या संघाची त्रिमूर्ती. चुनींना १९८३ साली पद्मश्री मिळाली, पीकेंना १९९० साली. आजारपणामुळे ऐन भरात खेळ सोडावा लागलेले बलराम कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला शांतपणे राहिले आणि २०२३ साली पद्म सन्मानाविनाच गेले. तिघांच्या खेळात उणेअधिक काढणे जाणकारांनाही अवघड. मग फरक कशाचा? आमच्या मते, ज्याच्यामागे शिफारस करणारे उभे राहतात त्याचे नाव पुढे सरकते. जो स्वतः काही मागत नाही त्याची फाईलच तयार होत नाही.

हा दोष एकट्या दिल्लीचा नाही. ऑलिंपिकमध्ये देशासाठी वैयक्तिक पदक आणणाऱ्या कऱ्हाडच्या खाशाबा जाधवांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, २००० सालचा. महाराष्ट्राने त्यांच्यासाठी अगोदरपासून नेटाने पाठपुरावा केला असता तर तो त्यांच्या हाती पडला नसता काय? आणि नेव्हिलसाठी मुंबईने काय केले, गोव्याने काय केले? आपण त्याला मुंबईकर म्हणून सोडले, मुंबईने त्याला विसरून सोडले.

अंधारच आहे असे मात्र नाही. धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे आर्मांडो कुलासो यांना २०२४ च्या द्रोणाचार्य पुरस्काराने गौरविण्यात आले. जुन्या खेळाडूंसाठी आता अर्जुन जीवनगौरव पुरस्काराची सोय झाली आहे आणि सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांना तो लाभला. पद्म सन्मानासाठी तर कोणाही नागरिकाला नाव सुचविता येते. दार उघडे आहे. आत जाण्यासाठी कागदपत्रे हवीत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. राज्य सरकार, फुटबॉल संघटना आणि जुने क्लब यांनी एकत्र बसून गोव्याच्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय खेळाडूची नोंद करावी. सामने, तारखा, वृत्तपत्रांची कात्रणे, छायाचित्रे असे जे हाती लागेल ते जमवावे. जे हयात आहेत त्यांची नावे दरवर्षी, न चुकता, वेळेत पाठवावीत. आणि मेलबर्नच्या त्या तीन गोलांसाठी महाराष्ट्र व गोवा या दोन्ही राज्यांनी मिळून केंद्राकडे मागणी करावी. खाशाबांना मरणोत्तर अर्जुन देता आला, तर नेव्हिलला का देता येऊ नये?

सन्मानपत्राने खेळाडू मोठा होत नाही, हे खरे. पण आपल्या गावच्या माणसाला देशाने ओळखले, हे पाहून मळ्यात चेंडूमागे धावणाऱ्या पोराची छाती फुगते, हेही तितकेच खरे. जुने खेळाडू एकेक करून थकत चालले आहेत. ही नोंद करण्याचे काम या मोसमातच हाती घेतले पाहिजे.