गाडीतला दिवा लागत नाही? की विझत नाही?



एरवी मी तुमच्याशी गटाची बचत, कर्जाचे हप्ते आणि हिशोबाची वही यावर बोलते. आज बोलणार आहे गाडीच्या आतल्या दिव्यावर. दार उघडलं की लागतो आणि दार लावलं की विझतो, तो छतावरचा छोटा दिवा. तुम्ही म्हणाल, ताई, एवढ्याशा दिव्यावर काय बोलायचं? पण त्या दिव्यापायी आमच्या गटाचे साडेचार हजार रुपये गेले, आणि एका रात्री आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणून आधी तेच सांगते.

केंद्र सरकारनं २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आणली. बचत गटाच्या महिलांनी खेड्यापाड्यांत प्रवासी गाडी चालवावी, अशी ती कल्पना. आमची गाडी त्या योजनेतली नाही, पण हिंमत तिथूनच आली. बचत आणि थोडं कर्ज मिळून आम्ही एक जुनी व्हॅन घेतली. गटातलीच एक ताई ती चालवते. सकाळी वाळूजच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुलींना सोडायचं, दुपारी कधी लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याच्या गोण्या पोचवायच्या. रविवारी गाडीला सुट्टी.

अशाच एका रविवारी रात्री दोन वाजता शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. ताईनं चावी फिरवली, तर नुसता 'टक्' असा आवाज. गाडी काही सुरू होईना. १०८ ला फोन लावला, ती गाडी आली आणि बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण तो मधला वेळ आम्ही कसा काढला, ते आमचं आम्हाला माहीत.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या दादांनी बॉनेट उघडलं, बॅटरीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "ताई, बॅटरी गेली." आम्ही नवी बसवली. तीन आठवड्यांनी सोमवारी सकाळी पुन्हा तेच! नवी कोरी बॅटरी, आणि गाडी बंद.

मी बी.ए. झालेली बाई. विज्ञान दहावीतच सुटलं. पण नोंदवही ठेवायची सवय आहे. गाडीची वही काढून बघितली, तर एक गोष्ट लक्षात आली. दोन्ही वेळा गाडी बंद पडली ती सुट्टीनंतर. रोज चालते तेव्हा काही होत नाही, उभी राहिली की बॅटरी उतरते. म्हणजे गाडी उभी असताना आत कोणीतरी वीज खात होतं. ते कोण, हे शोधायचं होतं.

त्यासाठी शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या आमच्या गावातल्या काकांना बोलावलं. त्यांनी जे समजावलं ते आता तुम्हाला सांगते. घरात विजेच्या दोन तारा लागतात, एक यायला आणि एक जायला. गाडीत बहुतेक ठिकाणी यायची तार असते, आणि परत जायची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीचं मायनस टोक पत्र्याला जोडलेलं असतं. त्यालाच मेकॅनिक लोक 'बॉडी अर्थ' म्हणतात. बॅटरीच्या प्लसमधून वीज निघते, फ्यूजमधून दिव्यात येते, दिव्यातून दाराच्या बटणाकडे जाते आणि तिथून पत्र्यातून बॅटरीला परत मिळते. हा फेरा पूर्ण झाला तर दिवा लागतो. कुठेही तुटला तर विझतो.

दाराचं बटण म्हणजे काय? फ्रिजचं दार आठवा. दार लावलं की आतलं बटण दाबलं जातं आणि दिवा विझतो. गाडीतही तसंच. दाराच्या चौकटीत रबराची टोपी घातलेलं छोटं बटण असतं. दार उघडलं की ते बाहेर येतं, पत्र्याशी जोडणी होते आणि दिवा लागतो. खुद्द दिव्यावरही एक खटका असतो, त्याच्या तीन जागा असतात. 'ऑन' म्हणजे कायम चालू, 'ऑफ' म्हणजे कायम बंद, आणि मधली 'डोअर' म्हणजे दाराप्रमाणे. कधी कधी तर हा खटका नुसता चुकून सरकलेला असतो. म्हणून सगळ्यात आधी तो बघा.

आता दोष शोधायचा क्रम. तीन प्रश्न लक्षात ठेवा.

पहिला प्रश्न: खटका 'ऑन'वर केला की दिवा लागतो का?

लागत असेल तर बॅटरी, फ्यूज आणि बल्ब तिन्ही ठीक आहेत. त्यांच्यावर पैसा घालवू नका, दोष दाराकडे आहे. लागत नसेल तर बल्ब आणि फ्यूज बघा. त्याच फ्यूजवर बहुधा रेडिओ किंवा घड्याळही असतं. तेही बंद पडलं असेल तर फ्यूजचा संशय घ्या. फक्त दिवाच बंद असेल तर बल्बचा. बल्ब काढण्याआधी तो गार होऊ द्या. पुष्कळ गाड्यांत हा बल्ब लांबट असतो, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या आणि दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या चिमट्यात धरलेला. कधी कधी बल्ब चांगला असतो, चिमटाच सैल झालेला किंवा गंजलेला असतो. चिमटे साफ करून, जरा जवळ दाबून बघा. दिवा लुकलुकत असेल, तरी पहिला संशय इथेच घ्यायचा. नवा बल्ब आणताना जुना सोबत न्या, लांबी आणि वॉट तेवढेच हवेत. जास्त वॉटचा घातला तर वरचं प्लास्टिकचं झाकण वितळतं.

आणखी एक गंमत. 'ऑन'वर लागत नाही, पण 'डोअर'वर ठेवून दार उघडलं की लागतो, असंही होतं. तेव्हा बल्ब आणि फ्यूज ठीक असतात, दिव्याची स्वतःची अर्थची तार सुटलेली असते.

दुसरा प्रश्न: 'डोअर'वर ठेवून एकेक दार उघडलं, तर कोणत्या दाराला दिवा लागत नाही?

सगळी दारं एकदम उघडू नका. एक उघडा, बघा, लावा, मग दुसरं उघडा. एकाच दाराला लागत नसेल तर त्या दाराचं बटण गंजलंय किंवा त्याची तार निघालीय. एकाही दाराला लागत नसेल तर सगळ्यांची मिळून जी एक तार दिव्याकडे जाते तिच्यात, नाहीतर खटक्यात दोष आहे.

तिसरा प्रश्न: सगळी दारं लावल्यावर दिवा खरंच विझतो का?

हाच प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. आमच्या व्हॅनला मागच्या काचांवर पडदे आहेत. पुढचा दिवा विझलेला दिसायचा, म्हणून सगळं बंद आहे असं ताई समजायची. काकांनी युक्ती सांगितली: मोबाइलचा व्हिडिओ चालू करून फोन मागच्या सीटवर ठेवा, दारं लावा आणि पाच मिनिटं थांबा. तसं केलं. व्हिडिओ बघितला, तर मागचा दिवा पाचही मिनिटं लख्ख चालू!

मग त्या दिव्याला जोडलेल्या मागच्या दाराचं बटण बघितलं. त्याच्या रबरी टोपीत कांद्याची टरफलं आणि माती अशी घट्ट बसली होती की बटण आत दबतच नव्हतं. दार बंद झालं तरी दिव्याला ते उघडंच वाटत होतं. बटण काढून घासलं, रबर नवं घातलं. रबराला वीस रुपये लागले.

तुमच्याकडे बटण साफ करूनही दिवा विझत नसेल, तर बटणाची तार काढून बघा. तार काढल्यावर दिवा विझला तर बटण खराब. तरीही चालूच राहिला तर तार वाटेत कुठेतरी सोलून पत्र्याला टेकली आहे. मात्र काढलेली तार चौकटीच्या भोकात आत पडू देऊ नका. आधी चिकटपट्टीनं बाहेर चिकटवा, नाहीतर शोधता शोधता दिवस जातो.

आता एवढासा दिवा बॅटरी कशी उतरवतो, त्याचा हिशोब करू. १० वॉटचा बल्ब, १२ व्होल्टची बॅटरी. दहाला बारानं भागलं की साधारण ०.८ अँपिअर येतात. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. शनिवारी संध्याकाळी सातपासून रविवारी रात्री दोनपर्यंत ३१ तास झाले. ३१ गुणिले ०.८, म्हणजे जवळजवळ २५. पस्तिसातले पंचवीस गेले! आणि इंजिन फिरवायला एका क्षणात शंभराहून जास्त अँपिअर लागतात. राहिलेल्या दहात ते कुठून येणार? रोज गाडी चालली की रात्री गेलेलं दिवसा भरून निघायचं, म्हणून इतर दिवशी कळत नव्हतं. गटाच्या खात्यासारखंच आहे हे. रोज थोडं काढलं आणि भरलंच नाही, तर गरजेच्या दिवशी खातं रिकामं.

आता काही गोष्टी करू नका, त्या सांगते.

घरातला टेस्टर गाडीत वापरू नका. तो १२ व्होल्टवर पेटतच नाही, त्यामुळे तारेत वीज असूनही नाही असं वाटतं. काकांनीही सवयीनं आधी तोच खिशातून काढला, आणि स्वतःच हसले. साध्या जुन्या गाडीत १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन तारा पुरतात. एक तार पत्र्याला, दुसरी तपासायच्या टोकाला. बल्ब लागला तर तिथपर्यंत वीज आली आहे.

उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी कागद लावू नका, आणि मोठा फ्यूजही घालू नका. फ्यूजवर आकडा असतो आणि रंगही ठरलेला असतो: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. लालच्या जागी लालच. फ्यूज उडतो तो तार जळू नये म्हणून. दिव्याची तार छताच्या कापडामागून जाते, ती तापली तर आग तिथूनच लागते. नवा फ्यूज घातला आणि तोही लगेच उडाला, तर तिसरा घालू नका. गणपतीत किंवा नवरात्रात हौसेनं लावलेली रंगीत लाईटची पट्टी, नुसती पिळून जोडलेली तार, असं काही आहे का ते बघा.

तारेला हात लावायचा असेल तर चावी काढा आणि बॅटरीचं मायनस टोक आधी सोडवा. परत जोडताना ते शेवटी जोडा.

आणि नव्या गाड्यांबद्दल. त्यांत दार लावल्यावरही दिवा काही सेकंद चालू राहतो आणि हळूहळू मंद होत विझतो. तो दोष नाही, गाडी तशीच बनवलेली आहे. दाराचं बटण तिथे बहुधा कुलपातच असतं आणि दिव्याचा कारभार एक छोटा कॉम्प्युटर बघतो. तिथे आपला बल्ब-तारेचा प्रयोग करू नका. खटका, फ्यूज आणि बल्ब एवढं बघून पुढचं काम जाणकाराकडे द्या.

पण जाणकाराकडे जातानाही 'दिवा बिघडलाय' एवढंच सांगू नका. 'ऑनवर लागतो, डाव्या मागच्या दाराला लागत नाही,' असं सांगा. मग न बिघडलेली वस्तू आपल्याला कोणी सहज विकणार नाही.

परभणीच्या शीला डावरे यांनी १९८८ मध्ये पुण्यात रिक्षा चालवायला घेतली. तेव्हापासून आपल्या बायका स्टिअरिंगला कितीतरी पुढे गेल्या. आता बॉनेट आणि फ्यूज बॉक्सही उघडायला हवा. आमच्या गटानं दोन नियम केलेत. कांदा उतरवला की दाराची बटणं फडक्यानं पुसायची. आणि रात्री गाडी लावल्यावर पडदे सारून एकदा आत बघायचं, दिवा विझला का? विझला की वहीत बरोबरची खूण. त्याशिवाय ताई चावी खुंटीला लावत नाही.

तुमच्या दारातही गाडी असेल तर आज अंधार पडल्यावर एवढं करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. चला, येते मी. नमस्कार.