कोहो सॅमन : शरदातील पाऊस आणि नदीतील मासेमारी

महाराष्ट्रात शरद ऋतू हा पाऊस सरल्याचा काळ मानला जातो. नद्यांचा गढूळपणा ओसरतो, पाणी निवळते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंड या आखातास मिळणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत, हे चक्र नेमके उलटे आहे. तेथे उन्हाळा कोरडा जातो, सप्टेंबरपर्यंत नद्या रोडावतात आणि शरदातच पावसाला प्रारंभ होतो. या पहिल्या मोठ्या पावसाची वाट पाहत समुद्रातून परतलेला एक मासा नदीमुखाशी थांबलेला असतो. तो म्हणजे कोहो सॅमन. कोकणात मृगाच्या पाण्याबरोबर ओढ्यांतून वर येणारे ‘चढणीचे मासे’ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे दृश्य अगदीच परके वाटणार नाही. मात्र कोहोची ही चढण त्याच्या आयुष्यातील एकमेव असते. अंडी घातल्यानंतर काही आठवड्यांतच नर आणि मादी दोघांचाही मृत्यू होतो.

कोहोचे जीवनचक्र

ऑन्कोऱ्हिंकस किसुच या शास्त्रीय नावाने ओळखला जाणारा हा मासा स्थानिक बोलीत ‘रुपेरी सॅमन’ म्हणूनही परिचित आहे. त्याचे आयुष्य साधारणतः तीन वर्षांचे असते. लहान ओढ्यांच्या तळाशी असलेल्या खडीत मादी शेपटीने खड्डा करून सुमारे अडीच ते तीन हजार अंडी घालते. अंड्यांतून बाहेर आलेली पिल्ले वर्षभराहून अधिक काळ गोड्या पाण्यातच राहतात. यास्तव कोहोला अन्य काही सॅमन जातींपेक्षा ओढ्यांची, पडलेल्या ओंडक्यांमागच्या डोहांची आणि बीव्हर या प्राण्याने बांध घालून अडविलेल्या संथ पाण्याची गरज अधिक भासते. पुढे वसंतात पिल्ले समुद्राकडे जातात, तेथे सुमारे दीड वर्ष वाढतात आणि तीन ते पाच किलोग्रॅम वजनाची होऊन जन्माच्या नदीकडे वळतात. काही नर मात्र समुद्रात जेमतेम सहा महिने काढून लहान आकारातच परततात.

नदीत शिरताना कोहो चांदीसारखा लखलखीत असतो. वर चढू लागला की त्याचे अंग तांबूस, पाठ गडद हिरवी आणि नराचा जबडा आकड्यासारखा वाकडा होतो. मांसाचा कस उतरतो. म्हणूनच खाण्यासाठी मासा धरणारा मनुष्य नदीच्या खालच्या टप्प्यात, भरती-ओहोटीच्या जवळपास, त्याला गाठण्याचा प्रयत्न करतो.

न खाणाऱ्या माशाला आमिष

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. नदीत शिरलेला सॅमन अन्नग्रहण जवळजवळ थांबवितो, आणि तरीही तो गळाला लागतो. याची कारणे जुनी सवय, चीड, कुतूहल किंवा जागेचा हक्क राखण्याची वृत्ती अशी निरनिराळी सांगितली जातात. कारण काहीही असो, मासेमारीची सारी रीत या विसंगतीवर उभी आहे. पाण्यात गरगर फिरून चमकणारी धातूची चकती माशाला डिवचते. झटके देत ओढलेला, पिसे बांधलेला वजनदार गळही तेच करतो. दुसरी रीत गंधाची आहे. सॅमनचीच गाबोळी मीठ व साखर लावून मुरवितात, तिचा लहानसा तुकडा गळाला लावतात आणि पाण्यावर तरंगणाऱ्या छोट्या बोयाखाली तो संथपणे वाहू देतात. कोहो खळाळत्या धारेत क्वचितच थांबतो. काठालगतचे संथ पाणी, ओंडक्यांची सावली, मुख्य प्रवाहापासून बाजूला पडलेले डोह या त्याच्या विसाव्याच्या जागा होत.

परंतु जागेपेक्षाही वेळ महत्त्वाची ठरते, आणि वेळ पाऊस ठरवितो. नदी आटलेली व नितळ असेल तर मासे खालीच थबकतात आणि बुजरे होतात. लोंढा आला की ते वर सुटतात खरे, पण गढूळ पाण्यात त्यांना आमिष दिसत नाही. पूर ओसरू लागून पाण्याला हिरवट छटा येते, ते एक-दोन दिवस सर्वांत अनुकूल. म्हणूनच स्कॅजिट किंवा स्नोहोमिश नदीवर जाणारा अनुभवी मासेमार आदल्या रात्री अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या जलमापकांवरील पातळीचे आकडे पाहतो. मग पहाटेच्या अंधारात काठावर जाऊन उभा राहतो, कारण उजेड वाढला की मासा तोंड मिटतो.

एका पराचा निर्णय

मासा काठाशी आला की पहिली नजर जाते ती त्याच्या पाठीवर. पाठीचा मुख्य पर आणि शेपटी यांच्या मध्ये सॅमनला एक लहानसा, मांसल, बिनकाट्याचा पर असतो. मत्स्यबीज केंद्रांतून सोडल्या जाणाऱ्या बहुतांश कोहो पिल्लांचा हा पर १९९० च्या दशकाच्या मध्यापासून कापण्यात येऊ लागला. पर नसेल तर मासा केंद्रात वाढलेला, आणि असेल तर तो बहुधा नैसर्गिक पैदाशीचा. अनेक नद्यांवर पर असलेला कोहो सोडून देणे बंधनकारक असते. त्याला इजा कमी व्हावी म्हणून पुष्कळ ठिकाणी बिनकाटेरी टोकाचाच गळ वापरावा लागतो. एवढ्याशा पराला एवढे महत्त्व देणे नवख्यास विचित्र वाटेल. परंतु मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील कोहो १९९६ मध्ये ‘संकटप्रवण’ आणि २००५ मध्ये ‘नामशेष होण्याच्या मार्गावर’ असल्याचे अमेरिकेच्या संघीय कायद्यान्वये घोषित झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे उत्तरेकडील नद्यांवरील ही दक्षता अवाजवी वाटत नाही.

किती मासे धरावेत हा प्रश्न केवळ जीवशास्त्राचा नाही. १८५४-५५ च्या करारांनी प्युजेट साउंडभोवतीच्या मूळ जमातींनी बहुतेक भूमी सोडली, पण आपल्या परंपरागत ठिकाणी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. तो हक्क पुढे शतकभर नाकारला गेला. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक धाकटे यांना आपल्याच नदीत जाळे टाकल्याबद्दल पन्नासहून अधिक वेळा अटक झाली. अखेर १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी धरण्याजोग्या माशांपैकी निम्म्यांवर करारबद्ध जमातींचा हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यत्वे उचलून धरला. तेव्हापासून राज्य व जमाती मिळून दरवर्षीचा हंगाम ठरवितात. २०१५ साली परतलेले कोहो संख्येने थोडे आणि आकाराने लहान निघाले. पुढील वर्षीचे अंदाजही निराशाजनक होते. परिणामी २०१६ च्या वसंतात उभय पक्षांचे मुदतीत एकमत होऊ शकले नाही आणि मे महिन्यात या भागातील सॅमनची मासेमारी काही आठवडे थांबली.

पावसासोबत येणारे विष

मासा सोडून दिला, हंगाम आखून घेतला, तरी तो अंडी घालण्याच्या ओढ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. सिएटलमधील लाँगफेलो या ओढ्यासारख्या शहरी प्रवाहांत शरदातील पावसानंतर कोहो पृष्ठभागावर येऊन तोंड वासत, तोल जाऊन गोल फिरत काही तासांत मरताना दिसत. मेलेल्या माद्यांच्या पोटात गाबोळी जशीच्या तशी असे. काही ओढ्यांत परतलेल्या माशांपैकी निम्म्याहून अधिक मासे असे मरत. त्याच पाण्यात चम सॅमन मात्र तग धरून राहत, त्यामुळे कोडे अधिकच गहन झाले.

उत्तर डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील शोधनिबंधाने दिले. मोटारींच्या टायरचे रबर ओझोनने तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी हे रसायन मिसळतात. त्याचा ओझोनशी संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन तयार होते, आणि रस्त्यावर साचलेली टायरची झीज पावसाबरोबर ओढ्यात उतरते. नंतरच्या सुधारित मोजणीनुसार, लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमहूनही कमी मात्रेत चोवीस तासांत निम्मी कोहो पिल्ले मरतात. ज्या पावसाने कोहोला नदीत बोलवायचे, तोच त्याच्यासाठी हे विष घेऊन येतो. कोरड्या उन्हाळ्यानंतरचा पहिला पाऊस तर रस्त्यांवर महिनोन् महिने साचलेले सारे एकदमच धुऊन नेतो.

२०२३ मध्ये युरोक, पोर्ट गँबल स्क्लॅलम आणि पुयॅलप या तीन जमातींनी टायरमधील या रसायनावर बंदी मागणारा अर्ज केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तो विचारार्थ स्वीकारला. टायर सुरक्षित ठेवून हे रसायन वगळणे सोपे नाही. त्या मानाने ओढ्याकाठचा उपाय साधा आहे. वाळू, कंपोस्ट आणि झाडांच्या सालींचा चुरा यांच्या मिश्रणाच्या थरातून रस्त्याचे पाणी झिरपू दिले, तर त्यातील विषारीपणा इतका उतरतो, की प्रयोगात त्या गाळलेल्या पाण्यात ठेवलेले प्रौढ कोहो जिवंत राहिले. न गाळलेल्या पाण्यातील मासे मात्र त्याच अवधीत मेले होते.